चेनच्या मशीनला आरसी नसते

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

चतुर्थी आटोपली, पावसाने उघडीप दिली की गोव्यात मातीकामाचा हंगाम उघडतो आणि जुन्या मशिनांचे सौदेही सुरू होतात. २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर डिचोली, सांगे, केपे, धारबांदोडा भागात उभी राहिलेली यंत्रे तेव्हापासून हात बदलत आहेत. शेजारून एमएच-०७, केए-२२, केए-३० क्रमांकाचे जेसीबी येतात ते वेगळेच. सौदा बहुतेक तोंडी होतो, भाडे त्याहून तोंडी. तंटा झाला की पोलीस ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवतात, आणि दिवाणी न्यायालयात दाखवायला हातात असतो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक ‘ओके’. म्हणून हे पत्र.

पहिला घोळ जेसीबी आणि पोकलेन एकाच मापाने मोजण्यात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये बांधकाम यंत्र-वाहनाची जी व्याख्या आहे ती रबरी टायरच्या किंवा रोलरसारख्या लोखंडी ड्रमच्या, स्वतःच्या बळावर रस्त्याने जाऊ शकणाऱ्या यंत्रांची. बॅकहो लोडर, म्हणजे आपला जेसीबी, त्यात बसतो, म्हणून त्याला क्रमांक असतो, आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) असते आणि बँकेचा बोजा त्या आरसीवर दिसतो. चेनवरचा एक्स्कॅव्हेटर, ज्याला आपण कोणत्याही कंपनीचा असला तरी पोकलेनच म्हणतो, लोबेडवरून (मशीन वाहून नेणाऱ्या बुटक्या ट्रेलरवरून) येतो आणि लोबेडवरूनच जातो. त्याला आरसी नसते. ‘कागद क्लियर आहेत’ असे विकणारा म्हणतो तेव्हा कोणते कागद, हा प्रश्न इथे सुरू होतो.

जेसीबीचे तुलनेने सोपे आहे. वाहन पोर्टलवर बोजा दिसतो का पाहावे. ‘हप्ते फिटले’ हे तोंडी चालत नाही; फायनान्स कंपनीचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात हवा. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३०, परराज्यातले असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेर ४५ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. पैसे मिळाले, मशीन गेले, आता आपला काय संबंध, असे समजणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा नवीन कुमार खटल्यातला निकाल लक्षात ठेवावा: अपघात झाल्यास आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव, तोच मालक आणि तोच भरपाईला जबाबदार. विमाही आपोआप पूर्ण बदलत नाही. तिसऱ्या पक्षाचे संरक्षण चालू राहते, पण स्वतःच्या मशीनच्या नुकसानीसाठी घेणाऱ्याने पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते.

पोकलेनच्या बाबतीत मूळ टॅक्स इन्व्हॉइस हीच आरसी. त्यावर मशीनचा सीरियल क्रमांक आणि इंजिन क्रमांक असतो. मधे दोन हात झाले असतील तर प्रत्येक विक्रीचे बिल आणि बँकेतून पैसे गेल्याची नोंद मागावी. एक कडी तुटली की मालकी लोंबकळते. मग क्रमांक मशीनवर वाचावा. प्लेटवर, चेसिसवर ठोकलेला आणि इंजिनच्या ब्लॉकवरचा, तिन्ही. मशीन बारा वर्षांचे आणि प्लेटचे रिव्हेट चकचकीत असतील तर तिथेच थांबावे. चेसिसवरचा क्रमांक ग्रीस-मातीखाली असतो. डिझेलचा बोळा फिरवून तो उघडा करायला पाच मिनिटे लागतात, आणि ती पाच मिनिटे कोणी काढत नाही. बोजा पाहायला सेरसाय या केंद्रीय नोंदणीत थोडे शुल्क भरून शोध घेता येतो. विकणारी कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर तिच्यावरचे चार्ज, म्हणजे कर्जाचे बोजे, दिसतात. वस्तू विक्री कायदा, १९३० चा साधा नियम असा की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क, तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. पूर्ण पैसे मोजून घेतलेले पोकलेन फायनान्सवाले उचलून नेतात ते यामुळेच. मग विकणाऱ्याच्या मागे लागणे आले, तो सापडला तर.

मालकी हक्काची हमी कायद्याने गृहीत धरलेली आहे, दर्जाची सहसा नाही. ‘जसे आहे जिथे आहे’ लिहिलेल्या जुन्या मशीनचा पंप महिन्याने बसला तर तक्रारीला फारसा आधार उरत नाही. म्हणून तपासणी आधी, टोकन नंतर.

तपासायला सकाळी जावे आणि इंजिनला हात लावून पाहावा. गरम लागले तर आपल्या आधी कोणीतरी ते सुरू करून ठेवले आहे. थंड असताना सुरू व्हायला किती कुरकुरते हे मग कळत नाही. इंजिन चालू असताना ऑइल फिलरचे झाकण सैल करावे. झाकण नाचू लागले, धुराचा झोत आला तर पिस्टनचे रिंग-लायनर गेले. हायड्रॉलिकची परीक्षा मात्र गरम तेलावरच. थंड तेल जाड असते, झिजलेला पंपही त्यात जोर दाखवतो. किमान तासभर खणून तेल तापू द्यावे, मग भरलेली बकेट वर धरून इंजिन बंद करावे, सिलिंडरच्या रॉडवर खडूची खूण करावी आणि पाच मिनिटे थांबावे. खूण सरकली तर सील किंवा व्हॉल्व्ह गळतो. सपाट जागेवर वीस मीटर सरळ चालवावे. एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूची चेन फिरवणारी ट्रॅव्हल मोटर दमली आहे किंवा पंपाचा एक भाग. बकेट जमिनीवर दाबून मशीन थोडे उचलावे आणि वरचे धूड नि खालची चौकट यांच्यातली फट पाहावी: वरचे धूड ज्यावर फिरते त्या स्ल्यू बेअरिंगचा खेळ (ढिलेपणा) तिथे दिसतो, आणि ते बदलणे स्वस्त नाही.

चेन टेप लावून मोजावी, नजरेने नव्हे. २० टनी वर्गात पिनपासून पिनपर्यंत अंतर साधारण १९० मिमी असते, म्हणजे ताणलेल्या चार कड्या ७६० मिमी. तिथे १२ ते १५ मिमी जास्त भरले तर पिन-बुश संपत आले. चेन फिरवणाऱ्या स्प्रॉकेटचे (दातेरी चाकाचे) दात टोकदार झाले असतील तर चेन, स्प्रॉकेट, रोलर असा सगळाच खर्च एकदम उभा राहतो. चेनच्या मशीनच्या दुरुस्तीचा मोठा वाटा याच खालच्या भागावर जातो. सौद्यात मात्र सगळ्यांचे डोळे रंगावर. नव्या पिवळ्या रंगात होजसुद्धा रंगलेले दिसले तर रंगाऱ्याने काय झाकले ते शोधावे.

मशीन किती तास चालले ते दाखवणाऱ्या अवर मीटरविषयी गोव्यापुरते वेगळे सांगायला हवे. महिन्याला २०० तास चालणारे मशीन वर्षाला २,४०० तास करते. दहा वर्षांच्या पोकलेनवर ६,००० तास दिसले की इतरत्र मीटर फिरवला असे कोणीही म्हणेल. इथे ते खरेही असू शकते, खाण बंद म्हणून मशीन उभे होते. पण खरे असले तरी ती आनंदाची बातमी नाही. आपल्या पावसात आणि खाऱ्या हवेत चार वर्षे उघड्यावर उभ्या मशीनच्या रॉडना गंजाचे खड्डे पडतात. ते खड्डे प्रत्येक फेरीला सील कापतात. वायरिंगचे कनेक्टर हिरवे होतात, हायड्रॉलिक टाकीत पाणी साचते, तेल ताकासारखे दिसते. कमी तास ऐकून भाव वाढवू नये. टेलिमॅटिक्स (मशीनची माहिती दुरून नोंदवणारी यंत्रणा) असेल तर तासांचा अहवाल मागावा, शक्य असेल तर तेलाचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. लोह, तांबे, सिलिका आणि पाणी यांचे आकडे विकणाऱ्यापेक्षा प्रामाणिक असतात.

आता भाड्याचे. इथले जवळजवळ सगळे तंटे ‘मिनिमम तास’ या दोन शब्दांवर येतात. समजा ताशी १,००० रुपये, महिन्याला किमान २०० तास, म्हणजे २५ दिवस रोज आठ. जूनमध्ये नऊ दिवस पावसाने काम बंद, तीन दिवस मशीन बिघडले, मीटर फिरला १०४ तास. मालक म्हणतो २,००,००० रुपये, कारण मिनिमम म्हणजे मिनिमम. कंत्राटदार म्हणतो १,०४,०००, चालले तेवढे. बिघाडाचे तीन दिवस वजा करून पावसाचा भार कंत्राटदारावर ठेवला तर १,७६,०००. एकाच महिन्याची तीन बिले, आणि करारात एक ओळ असती तर एकच. आमच्या मते बिघाडाचे दिवस मालकाचे आणि पावसाचे कंत्राटदाराचे हा न्याय्य हिशेब, कारण जूनमध्ये मशीन ठेवून घेण्याचा निर्णय त्याचा असतो. कोणाला वेगळे वाटत असेल तर वेगळे लिहावे, पण लिहावे. ऑपरेटरचा भत्ता आणि राहणे-जेवण कोणाचे, ओव्हरटाइम कोणत्या दराने, दर १८ टक्के जीएसटीसह की वगळून, टीडीएस कापणार का, हेही त्याच कागदावर.

लॉगशीट रोजची हवी: मीटर सुरुवातीचा, मीटर शेवटचा, डिझेल किती लिटर, थांबले तर का थांबले. दोन प्रती, दोन सह्या. सुपरवायझर बदलतात आणि नवा म्हणतो, ‘त्याला सहीचा अधिकारच नव्हता’. म्हणून सही कोण करणार त्याचे नाव करारात घालावे. डिझेल कंत्राटदाराचे असते तेव्हा चोरीचा संशय ठरलेलाच. २० टनी पोकलेन ताशी साधारण १२ ते १५ लिटर पिते, जेसीबी ४ ते ६; कामाप्रमाणे हे बदलते, पण पहिल्या दोन दिवसांत दोघांनी मिळून टाकी भरून मोजले तर पुढची भांडणे वाचतात.

ब्रेकरचा (बकेटच्या जागी लावायच्या दगडफोड्या हातोड्याचा) दर वेगळा ठरवावा आणि परवानगीशिवाय ब्रेकर लावायचा नाही असे लिहावे. वरचा जांभा बकेटने निघतो, खाली काळा दगड लागला की साइटवर ब्रेकर चढवतात आणि मालकाला महिन्याने बूमच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य हाताच्या, मुळाशी तडा दिसतो. एकाच जागी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठोकत राहणे, दगड फुटल्यावरही हवेत ठोकणे, छिन्नीने दगड ढकलणे, यातून छिन्नी आणि बुश जातात, वर बूमच्या पिनाही. छिन्नी, सील किट आणि बकेटचे दात कोणाच्या खर्चाने हे आधीच ठरलेले बरे.

बिघाड आणि नुकसान यांच्याविषयी करार गप्प असेल तर भारतीय करार कायदा, १८७२ बोलतो. कलम १५० प्रमाणे भाड्याने दिलेल्या वस्तूतल्या दोषामुळे झालेल्या हानीला मालक जबाबदार, दोष त्याला ठाऊक नसला तरी. कलम १५१ प्रमाणे घेणाऱ्याने स्वतःच्या वस्तूइतकी शहाणपणाची काळजी घ्यायची. या दोन कलमांच्या मधे पुराव्याची लढाई असते, आणि पुरावा म्हणजे मशीन उतरल्या दिवशीचा व्हिडिओ: मीटर, चारी बाजू, चेन, रॉड, बकेट, दोघांच्या सह्यांचा एक कागद. विम्यावर फार भिस्त ठेवू नये. पोकलेनची सीपीएम (कंत्राटदाराच्या यंत्रसामग्रीची) पॉलिसी अपघाताला असते, झीज आणि यांत्रिक बिघाडाला नाही.

गोव्यात एक जोखीम बाकी सगळ्यांपेक्षा मोठी आहे. नगर नियोजन कायद्याच्या कलम १७ए खाली परवानगीशिवाय डोंगरकापणी आणि सखल जागेत भराव बंद आहे. बेकायदा चिरेखाण किंवा माती उपशात खनिज कायद्याच्या कलम २१ खाली यंत्र जप्त होते. जप्त होते ते मालकाचे मशीन, आणि ते सुटेपर्यंत हप्ते त्यालाच भरावे लागतात. लोबेडवरून चेन खाली उतरवण्याआधी परवानगीची प्रत मागावी आणि त्यावरचा सर्व्हे क्रमांक त्याच जागेचा आहे का पाहावे. ‘पंचायतीला सांगितले आहे’ ही परवानगी नव्हे.

पैसे अडकले तर: भाड्याने देणारा काम घेण्याआधीपासून उद्यम-नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, पुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते आणि अशा थकबाकीसाठी असलेल्या राज्याच्या परिषदेकडे जाता येते. नोंदणी नंतर केली तर मागच्या बिलांना उपयोग होईलच असे नाही. चेक परतला तर बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटिशीनंतर १५ दिवस वाट पाहून पुढच्या महिन्याभरात तक्रार. दिवाणी वसुलीला तीन वर्षांची मुदत.

एक गोष्ट करारात हटकून राहते. मशीन आणायचा लोबेड कोणाचा हे ठरलेले असते, परत न्यायचा नसतो. काम संपते, शेवटचे बिल अडलेले, मशीन साइटच्या गेटआत उभे. कंत्राटदार म्हणतो अ‍ॅडव्हान्स परत करा मग न्या, मालक म्हणतो भाडे चालू आहे. परतीचा लोबेड कोणाचा, भाडे कोणत्या दिवशी थांबते आणि गेटपासवर सही कोण करणार, या तीन ओळी पहिल्याच दिवशी लिहाव्यात.

आपला,
यंत्रभाड्याच्या व्यवसायातील एक वाचक
फोंडा