पँटोग्राफ शिकवताना घाई नको, आधी साधी लाट गिरवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत मशीनवर शिवलेल्या गोधड्यांचे फोटो आले होते तेव्हापासून लिहीन लिहीन करत होते, मधे गणपती आले, मग भातकापणी, आता जरा हात मोकळा झाला म्हणून बसले. फोटो छानच होते, पण ते बघून तालुक्यातल्या दोघीजणींनी मला फोन केला की ताई तुमच्या गटाकडे ती मोठी मशीन आहे ना, आम्हीपण घेऊ का, आणि मला पटकन हो म्हणवेना. मशीनमध्ये खोट नाही. ती ज्या घाईने शिकवतात त्याबद्दल मला बोलायचंय.

मी गुहागर तालुक्यातली, गेली २० वर्षं ब्लाऊज आणि फॉल-पिको करते. आमच्या बचत गटाने कर्ज काढून सेकंडहँड लाँगआर्म, म्हणजे गोधडी शिवायची मोठी मशीन घेतली. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते, घरच्या मशीनवर मशीन जागच्या जागी आणि कपडा आपण सरकवतो, इथे सगळं उलटं, गोधडी १० फुटी फ्रेमवर दांड्यांना गुंडाळून ताणलेली असते आणि मशीनच चाकांवर चारी बाजूंना फिरते. त्यामुळे २० वर्षांची शिवणकामाची सवय सुरवातीला उपयोगाला येतच नाही, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पँटोग्राफ म्हणजे एक लांबच लांब कागद, त्यावर न तुटणाऱ्या एकाच रेघेचं डिझाईन छापलेलं. तो मशीनच्या मागच्या बाजूच्या टेबलावर प्लॅस्टिकखाली पसरायचा, आपण मागे उभं राहायचं आणि मशीनच्या लेझरचा लाल ठिपका त्या रेघेवरून फिरवत न्यायचा, की पुढे सुई तेच डिझाईन गोधडीवर उठवते. गावात पँटोग्राफ म्हटलं की पोरं आधी कोकण रेल्वेचं नाव घेतात, २०२२ मध्ये पूर्ण मार्ग विजेवर झाला तेव्हापासून इंजिनाच्या टपावरची ती वरच्या तारेला टेकणारी चौकट सगळ्यांना माहीत झालीय. शब्द मात्र त्याहून खूप जुना. ख्रिस्टोफ शायनर नावाच्या जर्मन पाद्र्याने १६०३ च्या सुमारास चित्राची नक्कल काढायचं सांध्यांच्या पट्ट्यांचं उपकरण बनवलं होतं, एका टोकाने मूळ रेघ गिरवली की दुसरं टोक तीच रेघ दुसऱ्या कागदावर काढायचं, ते पँटोग्राफ. रेल्वेच्या चौकटीला ते नाव दिसण्यावरून पडलं, आमच्या मशीनवर कामच तसं आहे, नुसतं गिरवणं.

आणि गिरवायला शिकवताना कोणी पहिल्या दिवशी क्ष आणि ज्ञ देत नाही, आधी उभी रेघ आडवी रेघ देतात. आमच्याकडे मशीनबरोबर जो माणूस शिकवायला आला तो २ दिवस होता. पहिला दिवस दोरा ओवणं आणि तेल घालणं यात गेला, दुसऱ्या दिवशी त्याने थेट मोरपिसांचं डिझाईन लावलं, एका ओळीची पिसं दुसऱ्या ओळीच्या फटीत बसणारं, स्वतः झरझर करून दाखवलं आणि संध्याकाळच्या गाडीने गेला.

मी ते डिझाईन माझ्या आईच्या लुगड्यांच्या गोधडीवर घातलं. मागे उभं राहिल्यावर गोधडी दिसतच नाही, डोळे फक्त कागदावर, त्यामुळे मला वाटलं सगळं छान चाललंय. फ्रेमवरून काढली आणि खालून हात फिरवला तर बोटांत दोरा अडकायला लागला, बघते तर प्रत्येक वळणावर खाली दोऱ्याची फासं, वरच्या दोऱ्याचं टेन्शन सैल होतं आणि मी एकदाही वाकून खालचं अस्तर बघितलं नव्हतं. चौथ्या ओळीत बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची रिळी, संपलेली, पुढचा हातभर पट्टा नुसत्या भोकांचा. पिसं कुठे एकमेकांवर चढलेली, कुठे मधे चार बोटं जागा. ४ दुपारी बसून उसवलं, जुनं सुती कापड, भोकं काही बुजली नाहीत. गटातल्या तिघींनी त्यानंतर मशीनला हातच लावला नाही आणि त्यांचं मी चूक म्हणणार नाही.

मग मी स्वतः लाटेचं डिझाईन घेतलं, साधी मोठी लाट, जवळपास ८ इंच उंचीची. फरक एवढा पडला की सांगता येत नाही. लाटेत हात थोडा हलला तरी ती लाटच दिसते, टोकदार पान किंवा चौकोन असला की केसभर चूक पण डोळ्यात भरते. नक्षीच्या छापील कापडावर त्याच रंगाचा दोरा घातला की चूक आणखी लपते. दोरा न ओवता, सुई वर ठेवून, पूर्ण ओळ दहा वेळा नुसती गिरवायची. नजर ठिपक्यावर नाही, ठिपक्याच्या दोन बोटं पुढे ठेवायची, सायकल चालवताना चाकाकडे बघत नाही तसंच. हॅंडल घट्ट धरायचं नाही आणि फक्त मनगट न हलवता अख्ख्या अंगाने चालत जायचं. प्रत्येक ओळीआधी बॉबिन बघायची, ओळ झाली की गोधडी गुंडाळायच्या आधी वाकून खालचे टाके बघायचे, ही एक सवय लागली तरी निम्मं नुकसान वाचतं.

एका ओळीला पुढची ओळ जुळवायचंही त्या शिकवायला आलेल्या माणसाने सांगितलं नव्हतं. कागदावर मूळ रेघेशेजारी पुढच्या ओळीची तुटक रेघ छापलेली असते. गुंडाळायच्या आधी लेझर त्या तुटक रेघेच्या एका शेंड्यावर न्यायचा, सुई जिथे येईल तिथे टाचणी टोचायची, मग गोधडी गुंडाळून लेझर मूळ रेघेच्या त्याच शेंड्यावर ठेवायचा आणि टाचणी बरोबर सुईखाली येईल असं जुळवायचं. एवढंच.

आपल्याकडच्या हवेचं वेगळंच. पावसाळ्यात कागद दमट होऊन फुगतो, सुरकुत्या पडतात, मग रेघ सरळ राहत नाही, म्हणून आम्ही रोल दोन्ही बाजूंनी झाकण लावलेल्या पीव्हीसी पाईपात ठेवतो. खाऱ्या वाऱ्याने मशीनच्या चाकांखालच्या रुळांवर गंज धरतो, रोज पुसावे लागतात. आणि मधेच लाईट गेली तर मशीन अजिबात हलवायची नाही, हातचाकाने सुई वर घ्यायची, कागदावर पेन्सिलने खूण करायची, लाईट आल्यावर अर्धा इंच मागून बारीक टाके घेत पुढे जायचं.

माझी कळकळीची विनंती आहे, जे बचत गटांना असल्या मशिनी देतात, विकतात, शिकवतात त्यांनी २ दिवसांच्या जागी निदान आठवडाभर थांबावं आणि तो सगळा आठवडा एकच लाट गिरवून घ्यावी. गोधडी करणाऱ्या बायांकडे कापड जुनं असतं, परत मिळणारं नसतं. आपल्याकडे चित्रं काढणारी इतकी पोरं आहेत, कोणी शिंपल्याच्या, सुपारीच्या पोयीच्या म्हणजे फुलोऱ्याच्या न तुटणाऱ्या रेघा काढून दिल्या तर आमच्या गोधड्यांवर कोकणच उमटेल, त्यासाठी गट मजुरी द्यायला तयार आहे.

फोन करणाऱ्या त्या दोघी सोमवारी येतायत. त्यांना सांगितलंय, लुगडी घरीच ठेवा, एक फाटकी चादर आणा आणि चार दिवस राहायच्या तयारीने या.

आपली एक वाचक,
गुहागर तालुका, जि. रत्नागिरी