गच्चीवरचं सीडर आणि येणारा पावसाळा

पुणे,
२ मे

प्रिय मंदार,

काल संध्याकाळी तुमच्या एरंडवण्याच्या घरी जाऊन आलो. काकूंचा गुडघा अजून कुरकुरतोय, पण पन्हं पाजल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. काकांबरोबर गच्चीवर जाऊन मांडव आणि बाक नीट पाहिला. काम देखणं झालंय. सांधे घट्ट बसलेत, रंधाही सफाईने मारलाय. ‘पॉलिशचं तेवढं बघ’ असं तू म्हणालास, पण फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कंत्राटदार काकांना म्हणत होता, चकचकीत पॉलियुरेथेन वार्निशचे तीन हात मारतो, मग पाच वर्षं बघायला नको. त्याला हो म्हणू नकोस. दिवाणखान्यातल्या टेबलाला ते शोभतं, उघड्या गच्चीवर नाही. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलैत भिंतींनाही ओल येते. तेवढ्या फरकाने लाकूड फुगतं, आकसतं. वरचा कडक थर त्याच्याबरोबर हलत नाही, मग सांध्याशी बारीक तडे जातात. तड्यातून पाणी आत शिरतं आणि त्याच थरामुळे बाहेर पडू शकत नाही. त्यात ऊन पारदर्शक थरातून आरपार जातं. लाकडाचे तंतू धरून ठेवणारं लिग्निन उन्हाने मोडतं, आणि थराची पकड खालूनच सुटते. पापुद्रे निघायला लागले की सगळं खरवडून काढण्याशिवाय इलाज नाही, आणि मांडवाच्या एवढ्या पट्ट्या खरवडणं म्हणजे जिवावरचं काम.

तुझं हे लाकूड वेस्टर्न रेड सीडर आहे, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याकडचं. आपल्या हिमालयातल्या देवदाराशी त्याचं जवळचं नातं नाही. झाडाच्या गाभ्यातच अशी द्रव्यं असतात की कूज सहजी धरत नाही. पण म्हणून ऊनपावसाचं काही वाटत नाही असं समजू नकोस. नुसतं ठेवलंस तर काही महिन्यांत करडं पडेल. तो करडेपणा वरवरचा असतो. कुणाला आवडतो, ते तसंच राहू देतात, त्यात गैर काहीच नाही. तुला मात्र हा तांबूस रंग हवाय, तर उशीर करू नकोस. काही आठवडे उन्हात राहिलेल्या पृष्ठभागावर पुढचं काहीच नीट धरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: आत मुरणारं, रंगद्रव्य असलेलं, बाहेरच्या लाकडासाठी बनवलेलं तेल लाव. ऊन अडवतं ते रंगद्रव्य, बिनरंगी तेलाने ते होत नाही. नुसतं जवसाचं तेलही नको, पावसाळ्यात त्यावर बुरशी धरते. आधी ८० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने हात फिरवून घे. फार गुळगुळीत केलंस तर तेल मुरणार नाही. लाकूड मऊ आहे, माझ्या नखाने त्यावर वळ उठला, म्हणून मशीन दाबून चालवू देऊ नकोस. तेल सकाळी लवकर किंवा सावलीत लावायचं. पंधरा-वीस मिनिटांनी जे मुरलं नाही ते फडक्याने पुसून घ्यायचं, नाहीतर चिकट राहून गच्चीवरची सगळी धूळ त्यावर बसेल. ती फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत हे काकांना बजावून सांग. तेल सुकताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. उलगडून बाहेर मोकळ्यावर वाळत घालायची किंवा पाण्यात बुडवून ठेवायची.

सगळ्यात जास्त काळजी आडव्या कापलेल्या टोकांची. बाकाच्या पायांचे तळवे, तुळयांची टोकं, खांबांचे माथे. पट्टीच्या अंगापेक्षा टोकातून पाणी कितीतरी वेगाने ओढलं जातं. तिथे तेल पिणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा लावायचं. बाकाचे पाय काल फरशीला टेकलेले होते, तिथे पाणी साचेल. खाली ग्रॅनाइटचे तुकडे ठेव. खांबांच्या माथ्यावर स्टेनलेसच्या पत्र्याच्या उतरत्या टोप्या बसवायला सांग. आपल्या पेठांतल्या वाड्यांचं लाकूड टिकलं त्यात सागवानाचा वाटा मोठा, पण पुढे आलेल्या वळचणीचाही आहे. पाणी अंगावर येऊच न देणं हे कुठल्याही तेलापेक्षा भारी.

एक गोष्ट मात्र खटकली. बाकाच्या मागच्या पट्टीला साधे लोखंडी स्क्रू आहेत. सीडरमधल्या टॅनिन नावाच्या द्रव्याची लोखंडाशी गाठ पडली की काळे ओघळ उठतात, आणि दोन स्क्रूंभोवती ते आत्ताच दिसतायत. सगळे काढून स्टेनलेसचे घालायला लाव, बिल वाढलं तरी चालेल. डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या पाण्याने जातात. हातमोजे घालून लावायचं आणि नंतर स्वच्छ धुवायचं. तेल लावण्याआधीच हे उरकायला हवं.

वळवाचा एखादा शिडकावा आता कधीही येईल आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस बसेल, त्याआधी दोन हात व्हायलाच हवेत. पुढच्या वर्षी उन्हाळ्यात मऊ ब्रशने धुऊन, लाकडावर पाणी शिंपडून बघ. थेंब उभे राहिले तर ठीक, लगेच मुरले तर एक हात पुन्हा.

तेल भवानी पेठेच्या टिंबर मार्केटकडे मिळतं का ते मी बघतो. कंत्राटदाराशी तू स्वतः बोल, काकांना भिडेपोटी त्याला नाही म्हणवत नाही. रविवारी फोन कर.

तुझा,
श्रीपाद