भाव आणि कौल

हॅरो, लंडन
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. तू म्हणतोस, "अमेरिकेत ट्रम्पच्या वेळी सट्टेवाल्यांचं खरं झालं, सर्व्हेवाले मागं पडले. तुमच्याकडं तर बुकी उजळ माथ्यानं दुकान थाटून बसतात. मग आपल्याकडच्या बाजाराचा भाव खरा मानायला काय हरकत आहे?" आणि अगदी शेवटी आवाज खाली आणून सांगितलंस, की सुशांतनं द्राक्षबागेच्या फवारणीचे चाळीस हजार बाजूला काढलेत आणि २३ तारखेच्या विधानसभेच्या निकालावर लावायचं म्हणतोय. ते शेवटचं वाक्य ऐकल्यापासून चैन नाही, म्हणून फोन न करता सविस्तर लिहायला बसलोय.

इथं महिन्याभरापूर्वी काय झालं ते आधी ऐक. जुलैच्या निवडणुकीत हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाची दाणादाण उडाली आणि खासदार उरले १२१. सुनकच्या जागी नवा नेता निवडायचा होता. पद्धत अशी, की खासदारांनी गुप्त मतदानाच्या फेऱ्या घेऊन उमेदवार कमी करत न्यायचे आणि शेवटचे दोघे पक्षाच्या सभासदांपुढं ठेवायचे. बर्मिंगहॅमच्या अधिवेशनात जेम्स क्लेव्हर्लीचं भाषण सगळ्यांत चांगलं झालं. आठवड्याभरात, ८ ऑक्टोबरला, फेरी झाली. क्लेव्हर्ली ३९, जेनरिक ३१, बेडनॉक ३०, टुगेनहाट २०. टुगेनहाट बाहेर पडले. त्यांची वीस मतं वाटली जाणार होती आणि त्यांची माणसं क्लेव्हर्लीच्याच विचारांची. म्हणजे क्लेव्हर्ली शेवटच्या दोघांत पोचलेच, असं जो तो धरून चालला. त्या रात्री त्यांचा भाव सरसर खाली आला. भाव खाली म्हणजे जिंकायची खात्री जास्त, हे तुला सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल वाचून दाखवला. बेडनॉक ४२, जेनरिक ४१, क्लेव्हर्ली ३७.

वीस मतं मोकळी झाली होती आणि ज्याला ती मिळणार होती, त्याची दोन उलट कमी झाली. निकाल ऐकताना खोलीतल्या खासदारांच्या तोंडून "आं?" निघालं. दत्ता, मी ऑफिसात होतो. स्क्रीनवर आकडे आले तेव्हा मला वाटलं, नावं उलटसुलट छापली गेली. नंतर सगळे म्हणू लागले, की क्लेव्हर्लीच्याच काही लोकांनी "आपला माणूस पोचलाच, आता समोर सोपा गडी आणू" म्हणून मतं दुसरीकडं दिली असतील. मतदान गुप्त, त्यामुळं कुणी किती दिली ते कुणालाच कळणार नाही. पण आकडे बघून दुसरं काही सुचतही नाही.

आता यात बुकीची चूक काय झाली, ते बघ. मतदार होते जेमतेम १२०. ते एकमेकांना काय सांगतात आणि खोलीत जाऊन काय करतात, यात मोठं अंतर असतं. एकच खासदार तीन उमेदवारांना "मी तुमच्याबरोबर" म्हणून मोकळा होतो. पैसे लावणारी हजारो माणसं मात्र बाहेर उभी. ती वाचतात तेच वर्तमानपत्र, जे तू आणि मी वाचतो. मग भावात येतं काय? वर्तमानपत्रात आलेलंच परत येतं, फक्त आकड्याच्या रूपात. आणि आकडा दिसला की माणसाला वाटतं, कुणीतरी मोजलंय.

ही गोष्ट इथं पहिल्यापासून अशीच आहे. घोड्यांवर, कुत्र्यांवर पैसे लावायची रस्त्यावरची दुकानं १९६१ साली कायदेशीर झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९६३ च्या ऑक्टोबरात, पंतप्रधान मॅकमिलन आजारी पडून हॉस्पिटलात गेले आणि राजीनाम्याची बातमी ब्लॅकपूलला भरलेल्या पक्षाच्या अधिवेशनात येऊन पोचली. लॅडब्रोक्स या बुकी कंपनीनं तेव्हा पुढचा नेता कोण यावर भाव काढले. राजकारणावरच्या सट्ट्याची इथली उघड सुरुवात तीच म्हणतात. पहिल्या पसंतीला होते रॅब बटलर. झाले कोण? लॉर्ड होम. पंतप्रधान झाल्यावर त्यांना सरदारकी सोडून पोटनिवडणूक लढवावी लागली. तेव्हा मतदानही नव्हतं, आतल्या आत विचारपूस करून नाव ठरायचं. ज्यांना विचारलं जात होतं त्यांच्यापर्यंत दुकानातला माणूस कसा पोचणार?

त्याच ब्लॅकपूलला २००५ मध्ये हुजूर नेतेपदाच्या शर्यतीत डेव्हिड डेव्हिस आघाडीवर होते. त्यांचं भाषण पडलं. डेव्हिड कॅमेरॉन हातात कागद न घेता बोलले आणि हवा फिरली. पहिल्या फेरीत डेव्हिस ६२, कॅमेरॉन ५६. दोन दिवसांनी कॅमेरॉन ९०, डेव्हिस ५७. इथं निदान भाषण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं होतं.

मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावला तो २०१५ च्या मजूर पक्षानं. नेतेपदासाठी जेरेमी कॉर्बिनचा सुरुवातीचा भाव शंभराला एक होता. एक पौंड लावा, जिंकले तर शंभर घ्या. उमेदवारीला ३५ खासदारांच्या सह्या हव्या होत्या, त्यांच्या ३६ झाल्या, त्याही मुदत संपायच्या काही मिनिटं आधी. सह्या देणाऱ्यांतल्या काहींनी सरळ सांगितलं होतं, की आम्ही याला मत देणार नाही, चर्चेत सगळे विचार यावेत म्हणून सही करतोय. पण आदल्या वर्षी नियम बदलला होता. तीन पौंड भरून कुणालाही समर्थक म्हणून नाव नोंदवून मत देता येत होतं. गर्दी लोटली. जुलैत सभासदांची पाहणी झाली, तर कॉर्बिन पुढं! लोकांना वाटलं पाहणी चुकली. सप्टेंबरात पहिल्याच फेरीत त्यांना ५९.५ टक्के मतं पडली.

म्हणजे तू म्हणतोस तसं "सट्टा खरा, सर्व्हे खोटा" असं काही नाही रे. तिथं पाहणी खरी ठरली, कारण तिनं मत देणाऱ्यांनाच जाऊन विचारलं होतं. पैसे लावणारे अजून जुन्या मतदारयादीचाच विचार करत होते.

उलटही झालंय. २०२२ च्या जुलैत, पुन्हा नेता निवडताना, हुजूर सभासदांच्या पाहणीत पेनी मॉर्डंट कुणाहीसमोर उभ्या केल्या तरी जिंकत होत्या. भावही धावत त्यांच्याकडं गेला. पण सभासदांपर्यंत पोचायचं तर आधी खासदारांचा उंबरठा ओलांडायला हवा. शेवटच्या फेरीत सुनक १३७, लिझ ट्रस ११३, मॉर्डंट १०५. आठ मतांनी त्या बाहेर. लोकांचा कौल कितीही असो, तो विचारायची पाळीच आली नाही.

आता माझं सांगतो. हे तुला आजवर सांगितलं नव्हतं.

ऋषी सुनक शेवटच्या दोघांत आले तेव्हा इथं आपल्या घराघरांत काय चाललं होतं, ते शब्दांत सांगता येणार नाही. ते पंजाबी, पूर्व आफ्रिकेतून आलेल्या घरातले. आपला त्यांचा तसा काय संबंध? तरी आमच्याकडं गणपतीच्या वर्गणीच्या बैठकीतही तोच विषय. त्या शनिवारी भाजी आणायला बाहेर पडलो आणि कोपऱ्यावरच्या बेटिंगच्या दुकानात शिरलो. सतरा वर्षांत पहिल्यांदा. आत भिंतभर टीव्ही, एकावर कुत्री धावत होती. फळीवर चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि बोटभर लांबीची निळी पेनं. काचेमागच्या बाईंना सुनकचा भाव विचारला तर त्यांनी फोन लावून विचारून घेतला. मी पन्नास पौंड सरकवले. पावतीवर छापून आलेलं नाव बघितलं आणि छाती भरून आली. खोटं सांगत नाही.

त्यानंतरचे सहा आठवडे मी रोज भाव बघायचो. भाव लांबत चालला होता, म्हणजे सगळी दुनिया सांगत होती की हा हरतोय. सभासदांच्या पाहण्याही तेच सांगत होत्या. मी मनाला समजावायचो, की १९६३ ला चुकले, २०१५ ला चुकले, आताही चुकतील. ५ सप्टेंबरला निकाल लागला. ट्रस ८१,३२६, सुनक ६०,३९९. पाहण्यांनी दाखवलं होतं त्यापेक्षा अंतर बरंच कमी निघालं, पण हार ती हारच. पन्नास पौंड गेले, त्याचं दुःख नव्हतं. मला कळलं ते एवढंच, की मी अंदाजावर पैसे लावलेच नव्हते. माझ्या इच्छेवर लावले होते. आणि दुकानात येणारी निम्मी माणसं तेच करत असणार. मग त्यांच्या पैशांतून बनलेला भाव म्हणजे जनतेचा कौल कसा?

दुसरी गोष्ट त्याहून जड आहे. त्या निवडणुकीत मतदार होते १,७२,४३७ सभासद. देशाची वस्ती पावणेसात कोटींच्या आसपास. मी भारतीय पासपोर्टवर राहतो, तरी राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून इथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मला मत आहे. पण देशाचा पंतप्रधान त्या उन्हाळ्यात ज्यांनी ठरवला, त्यांत मी नव्हतो, माझे शेजारी नव्हते, आमच्या गल्लीतला एकही जण नव्हता. आम्ही सगळे भाव बघत बसलो. कोण पुढं, कोण मागं. सुनक सभांमधून सांगत होते, की उधारीवर करकपात केली तर महागाई आणि व्याजदर चढतील. ते म्हणणं बरोबर की चूक, यावर मी किती वेळ विचार केला? लाज वाटते, पण फार नाही. मी बघत होतो त्यानं भाव हलला का.

२३ सप्टेंबरला ट्रस सरकारचं उधारीवरच्या करकपातीचं ते छोटं बजेट आलं. तीन दिवसांत पौंड डॉलरपुढं आजवरच्या तळाला गेला. आमच्या घरकर्जाचा ठरलेला दर नोव्हेंबरात संपणार होता. नव्या दराची ऑफर हातात होती, सही बाकी होती. ती एका सकाळी मागे घेतल्याचा ईमेल आला. दोन टक्क्यांच्या आतलं व्याज सहाच्या घरात गेलं. महिन्याला चारशे पौंड जास्त. अनघा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी वहीत हिशेब मांडत बसली होती आणि मुलाची पोहण्याची शिकवणी तिनं एका रेघेत खोडली. ती रेघ अजून डोळ्यांपुढं आहे. कोण जिंकणार, हे भावानं तंतोतंत सांगितलं होतं. जिंकल्यावर आमच्या घरात काय होणार, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

ट्रस ४९ दिवस टिकल्या. २४ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, सुनक नेते झाले, आणि त्या वेळी सभासदांना विचारलंसुद्धा नाही. शंभर खासदारांच्या पाठिंब्याचा अर्ज दुसऱ्या कुणीच भरला नाही, संपलं. संध्याकाळी आमच्याकडं पणत्या लावताना टीव्हीवर तेच चाललं होतं. माझी पावती जुन्या निवडणुकीची, तिचा उपयोग नव्हता. ती अजून पासपोर्टच्या फाइलीत आहे.

तुझा "उजळ माथ्यानं" हा मुद्दा राहिला. इथं दुकान कायदेशीर आहे याचा अर्थ एवढाच, की जिंकलात तर पैसे मिळतील आणि तक्रार करायला जागा आहे. भाव खरा आहे असा त्याचा अर्थ नाही. दोघांत अगदी बरोबरीची लढत असेल तरी अकरा लावून जिंकलात तर दुकान वर दहाच देतं. मधला एक त्यांचा. आपल्याकडं लगाई (जिंकेल म्हणून लावायचा भाव) आणि खाईत (हरेल म्हणून लावायचा भाव) जे अंतर ठेवतात, तेच हे. शिवाय पैसा ज्या बाजूला जास्त येतो, ती बाजू दुकान स्वस्त करत नेतं, कारण त्याला स्वतःला बुडायचं नसतं. आणि कधी आतली माहिती असलेला येऊन लावून जातो. यंदाच्या निवडणुकीची तारीख जाहीर व्हायच्या तीन दिवस आधी, जुलैत निवडणूक होणार यावर पंतप्रधानांच्या जवळच्या एका खासदारानं शंभर पौंड लावले होते. इथं त्याची चौकशी सुरू झाली, कारण दुकानाच्या वहीत नोंद होती. मिरजेतल्या सट्टेवाल्याच्या वहीत कुणाची नोंद असते, आणि सुशांत बुडला तर तो कुणाकडं जाणार?

ट्रम्पचं खरं ठरलं, हे मान्य. पण तिथं पंधरा कोटींच्या वर लोकांनी मतं दिली, त्यांतले कितीतरी आपलं मत आधीच उघड बोलून बसलेले. आपल्याकडं या खेपेला दोन शिवसेना, दोन राष्ट्रवादी, त्यात बंडखोर. एकेका मतदारसंघात गावागावांत रात्रीतून बोलणी फिरतात, ते तू माझ्यापेक्षा जास्त जाणतोस. तुझ्याच गल्लीतला माणूस तुला खरं सांगत नाही म्हणतोस, तर तो भाव काढणाऱ्या राजस्थानातल्या सट्टेवाल्याला कसं सांगेल?

सुशांतवर ओरडू नकोस. त्याला माझ्याशी बोलायला लाव, किंवा हे पत्र वाचायला दे. त्याला जिंकवायचा असलेला उमेदवार असेल, तर त्याच्या प्रचाराला जाऊ दे, मोटारसायकलचं तेल मी देतो. पण ते चाळीस हजार बागेचे आहेत. परतीच्या पावसानं यंदा डाऊनी रोग किती लागलाय ते तूच सांगितलंस. घडांवर औषध आत्ता पडलं नाही, तर २३ तारखेला कोणीही निवडून आलं तरी उपयोग नाही.

वहिनींना नमस्कार. काकांचा गुडघा कसा आहे ते कळव. मतमोजणी तुमच्याकडं सकाळी आठला सुरू होईल, तेव्हा इथं पहाटेचे अडीच वाजलेले असतील. मी जागा असेन. फोन कर.

तुझा,
अविनाश