हॉलेजवरचा गोलरक्षक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातून येऊन व्यावसायिक क्लबांकडून खेळणाऱ्या फुटबॉलपटूंविषयी आपल्या क्रीडा पानावर आलेला लेख वाचला. लेख अभ्यासपूर्ण आहे. मात्र ही वाट दूरचित्रवाणीच्या काळातच पडली, असा समज त्यावरून होतो. म्हणून आर्थर व्हार्टन यांच्याविषयी थोडे लिहीत आहे.

आजच्या घानातील अक्रा शहरात, जेम्सटाउन भागात, 1865 मध्ये व्हार्टन यांचा जन्म झाला. वडील मूळचे ग्रेनाडा बेटावरचे मेथडिस्ट धर्मोपदेशक, तर आई तिथल्या फांटे जमातीच्या राजघराण्याच्या नात्यातील. धर्मप्रचारक-शिक्षक व्हावे म्हणून त्यांना इंग्लंडला पाठवले होते, परंतु डार्लिंग्टनला शिकत असतानाच मैदानाने त्यांना ओढून घेतले. 1886 मध्ये लंडनच्या स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर राष्ट्रीय अजिंक्यपदाची 100 यार्डांची शर्यत त्यांनी 10 सेकंदांत जिंकली. इतक्या वेगाचा माणूस फुटबॉलमध्ये मात्र गोलरक्षक होता, आणि तेही अशा काळात, जेव्हा प्रतिस्पर्धी खेळाडू गोलरक्षकाला खांद्याची धडक देऊन चेंडूसकट गोलमध्ये लोटू शकत असत.

खेळाडूंना पैसे देण्यास इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 1885 मध्ये मान्यता दिली आणि 1888 मध्ये 12 क्लबांची लीग सुरू झाली. व्हार्टन त्याआधी प्रेस्टन क्लबकडून एफ. ए. कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीपर्यंत खेळले होते, पण धावण्याकडे लक्ष देण्यासाठी त्यांनी तो क्लब सोडला, आणि त्याच प्रेस्टनने पहिली लीग एकही सामना न हरता जिंकली. त्यांच्या कारकिर्दीतली ही चुकामूक मला फार लागते. 1889 मध्ये रॉदरहॅम टाउनने त्यांना पगारावर घेतले. 1894 मध्ये ते शेफिल्ड युनायटेडकडे गेले खरे, पण तिथे गोलची जागा धिप्पाड विल्यम फोक यांच्याकडे होती. तरीही 1895 मध्ये संडरलँडविरुद्ध ते सर्वोच्च श्रेणीत उतरले. त्या श्रेणीत खेळलेले ते पहिले कृष्णवर्णीय खेळाडू मानले जातात. पुढे लहानमोठे क्लब बदलत 1902 मध्ये स्टॉकपोर्ट काउंटीत त्यांचा खेळ संपला. त्याच सुमारास लीगने खेळाडूच्या पगारावर आठवड्याला 4 पौंडांची मर्यादा घातली होती, म्हणजे नामवंतांनाही म्हातारपणासाठी शिल्लक टाकणे अवघड होते.

त्यानंतर व्हार्टन यॉर्कशायरमधल्या एडलिंग्टनच्या कोळसा खाणीत कामाला लागले. काम कोणते, तर हॉलेजचे, म्हणजे खाणीतला कोळसा वाहून नेण्याचे. मी स्वतः सावनेर तालुक्यातील एका भूमिगत खाणीत 31 वर्षे होतो आणि त्यातील पहिली 9 वर्षे हॉलेजवर काढली, त्यामुळे हा शब्द वाचल्यावर मला पुढचे वाचवेना. कोळशाने भरलेल्या टबांची, म्हणजे रुळांवरच्या छोट्या डब्यांची, रांग दोरावर ओढली जात असते. एखादा टब रुळावरून घसरला की तो खांदा लावून पुन्हा चढवायचा, आणि दोर तुटलाच तर बाजूच्या कोनाड्यात उडी घ्यायची. एके काळी देशातला सर्वांत वेगवान ठरलेला माणूस उतारवयात हे काम करत होता. 1930 मध्ये ते वारले आणि निनावी कबरीत पुरले गेले. तिच्यावर नावाचा दगड बसायला 1997 साल उजाडले.

आपल्याला लिहिण्याचे खरे कारण पुढे आहे. क्रॉसबारला लटकून पायांच्या कैचीत चेंडू पकडणारे आणि अंगावर धावून आलेल्या तीन जणांना गोलमध्ये पाडणारे व्हार्टन आज आपल्याला ठाऊक आहेत, ते 1942 मध्ये एका जुन्या प्रेक्षकाने शेफिल्डच्या वृत्तपत्राला पाठवलेल्या पत्रामुळे. व्हार्टन जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. ते खेळत असताना काही वृत्तपत्रांनी मात्र त्यांच्या करामतींना पोरखेळ ठरवून त्यांच्या वर्णावरून हिणवले होते.

नागपूर-कामठीत फुटबॉल पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. रब्बानी क्लब, यंग मुस्लिम ही नावे इथल्या मैदानांवर लहान मुलेही जाणतात, पण तीस-चाळीस वर्षांपूर्वी याच मैदानांवर खेळलेल्यांची साधी नोंद मिळत नाही. आमच्या शिफ्टमध्ये एक गृहस्थ होते, कामठीचे, डाव्या बाजूचे बॅक. रात्रपाळी करून सकाळी घरी न जाता ते थेट सामन्याला जात. मागील वर्षी ते गेले, तेव्हा कोणत्याही वृत्तपत्रात त्यांच्या खेळाविषयी एक ओळ आली नाही. त्या दिवशी मीही काही लिहिले नाही, याची मला खंत आहे.

आपण आठवड्यातून एकदा, अर्ध्या रकान्यापुरती का होईना, अशा खेळाडूंच्या आठवणींसाठी जागा ठेवावी आणि त्या वाचकांकडूनच मागवाव्यात, ही विनंती. प्रत्यक्ष पाहणारे अजून हयात आहेत. त्या बॅकच्या तीन सामन्यांची मी तेव्हा वहीत लिहून ठेवलेली टिपणे या पत्रासोबत जोडली आहेत. त्यातील दुसऱ्या सामन्यात गोलरक्षक जखमी झाल्यावर शेवटची वीस मिनिटे तेच गोलमध्ये उभे राहिले होते.

आपला नम्र,
एक निवृत्त खाण कामगार, नागपूर