परदेशातून परतण्याचेही मार्गदर्शन हवे

महोदय,

परदेशी शिक्षणाचा हंगाम आला की प्रवेश, व्हिसा, ब्लॉक्ड अकाउंट (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचे खाते) यांवर शैक्षणिक पुरवण्या भरभरून लिहितात. शिक्षण संपवून ते शहर सोडताना काय करायचे, यावर मात्र दोन ओळीही सापडत नाहीत. महाराष्ट्रातून इंजिनीअरिंगच्या मास्टर्ससाठी जर्मनीत, आखेनसारख्या शहरात गेलेल्या मुलांचे परतीचे शेवटचे पंधरा दिवस कागदांमागे धावण्यात जातात, पैसेही अडकतात आणि ज्या शहराने दोन-तीन वर्षे सांभाळले त्याचा धड निरोप घेणे होत नाही. म्हणून आमचे सांगणे आहे की निघायची तयारी तीन महिने आधी सुरू करा.

तीन महिने यासाठी की बेमुदत भाडेकराराची नोटीसच तेवढी असते. महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत नोटीस घरमालकाच्या हातात पडली, तरच तो महिना धरला जातो. जुलैच्या सुरुवातीला पोचली तर करार सप्टेंबरअखेर संपतो. दोन दिवस उशीर झाला की ऑक्टोबरचेही भाडे बसते. ई-मेल किंवा व्हॉट्सॲप चालत नाही. कागदावर हाताने सही करून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवावी. विद्यार्थी वसतिगृहांचे नियम वेगळे असतात, तिथे करारच वाचावा.

डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतके असू शकते, म्हणजे रक्कम लहान नाही. ते कापले जाण्याची कारणे बहुधा स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये असतात. आपल्या फोडणीचा तेलकट थर चिमणीच्या जाळीवर बसतो; जाळी काढून गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून रात्रभर भिजवावी. ओट्यावरचे हळदीचे डाग घासून जात नाहीत, पण हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून उजेड येणाऱ्या बाजूचे पडदे काही दिवस उघडे ठेवावेत. नळांवरचा पांढरा थर सायट्रिक ॲसिडने निघतो, मात्र संगमरवराला ते लावू नये. खोलीत कपडे वाळत घातल्याने खिडकीच्या कडेला बुरशी धरते, ती घरमालक सर्वात आधी पाहतो. भिंतीतली खिळ्यांची भोके लांबी (पुट्टी) भरून बुजवावीत. फ्रीज आदल्या रात्रीच बंद करून बर्फ वितळू द्यावा. जुनी गादी, टेबल रस्त्यावर ठेवून निघू नये. मोठ्या कचऱ्यासाठी पालिकेकडून आधी तारीख घ्यावी लागते आणि ती लगेच मिळत नाही.

ताबा देताना वीज, पाणी, हीटिंगच्या मीटरचे आकडे मीटर क्रमांकासह फोटोत घ्यावेत आणि ताबापत्रात लिहवून घ्यावेत. सगळ्या किल्ल्या मोजून द्याव्यात. इमारतीची कुलूपव्यवस्था सामाईक असेल, तर एक हरवलेली किल्लीसुद्धा फार महागात पडते. ताबापत्रातली नोंद पटली नाही तर सही करू नये, किंवा आपला आक्षेप तिथेच लिहून मग करावी. घाईत केलेली सही पुढे भारतातून खोडता येत नाही.

त्यानंतर आबमेल्डुंग, म्हणजे शहर सोडल्याची पालिकेकडे नोंद. ती घर सोडण्याच्या फार तर आठवडाभर आधी करता येते आणि सोडल्यावर दोन आठवड्यांच्या आत करावीच लागते. तिचा दाखला स्कॅन करून जपावा, कारण पुढची बहुतेक कामे त्यावरच होतात. रेडिओ-टीव्ही शुल्क, घरटी दरमहा 18.36 युरो, आपोआप थांबत नाही. दाखला जोडून लेखी कळवावे लागते. चौघे एकत्र राहत असतील आणि शुल्क निघणाऱ्याच्या नावे असेल, तर राहणाऱ्यांपैकी एकाने आधी स्वतःचे नाव नोंदवावे. आरोग्य विम्याचे तर फारच जपावे. देश सोडल्याचे विमा संस्थेला कळले नाही, तर विद्यार्थी दर संपल्यावरही ती हप्ता आकारत राहते, आणि उत्पन्नाचा पुरावा न मिळाल्याने तो कमाल दराने लावते.

बँक खाते मात्र लगेच बंद करू नये. डिपॉझिट, वीजबिलाचा परतावा, शेवटचा पगार त्यातच येणार असतो. घरमालक हीटिंग-पाण्याचा वार्षिक हिशोब हिशोबवर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत देऊ शकतो, आणि तोवर डिपॉझिटचा काही भाग राखूही शकतो. जर्मन सिम बंद पडले की त्यावर येणारे बँकेचे कोडही येत नाहीत, म्हणून व्यवहारांची मान्यता एसएमएसऐवजी बँकेच्या ॲपवर वळवून भारतात वापरायच्या फोनवर ती चालते का, हे तिथे असतानाच तपासावे. पदवी प्रमाणपत्र छापून यायला वेळ लागतो. ते घेण्यासाठी विश्वासातल्या मित्राच्या नावे सहीचे अधिकारपत्र ठेवावे.

एवढे वेळेत उरकले की शेवटचा आठवडा शहरासाठी मोकळा राहतो, आणि तो मिळावा अशी आमची मनापासून इच्छा आहे. आखेनच्या कॅथेड्रलला 1978 साली जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत स्थान मिळाले. तिथले सम्राट शार्लमेनचे म्हणून ओळखले जाणारे सिंहासन मात्र मार्गदर्शित फेरीतच पाहता येते, आणि रोज त्या चौकातून जाणारे कित्येक विद्यार्थी ते न पाहताच परततात. एलिझेनब्रुनेन या कारंज्याचे गंधकाच्या वासाचे गरम पाणी, लूसबेर्ग टेकडीवरून दिसणारे अख्खे शहर, हेही राहून जाऊ नये. तिकडच्या रीतीप्रमाणे निरोपाचा खाऊ निघणाऱ्याने द्यायचा असतो. लॅबमध्ये केक न्यावा, घरचे काही करून नेले तर फारच छान. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा सामान शनिवारीच आणावे. शेजारी, वसतिगृहाची देखभाल करणारे काका, विभागातल्या सचिव यांना हाताने लिहिलेले आभाराचे कार्ड द्यावे. घरच्यांसाठी प्रिंटेन, म्हणजे आखेनची मसालेदार बिस्किटे, घ्यावेत. कडक प्रकारचे आठवडेच्या आठवडे टिकतात.

परतल्यावर एक काम उरते. अर्धवेळ नोकरीत पेन्शनचा हप्ता कापला गेला असेल आणि एकूण भरणा 60 महिन्यांपेक्षा कमी असेल, तर देश सोडल्यापासून 24 महिन्यांनी कर्मचाऱ्याच्या वाट्याची रक्कम परत मागता येते. त्यासाठी पेन्शन विमा क्रमांकाचे पत्र आणि पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

आपल्या शैक्षणिक पुरवणीने आणि मार्गदर्शन केंद्रांनी ही माहिती मुलांना जाण्याआधीच द्यावी, अशी विनंती आहे.

— जर्मनीत शिकून परतलेले काही माजी विद्यार्थी, पुणे