बुद्ध आणि मार्क्स, तुझ्या प्रश्नावर

प्रिय बाळा,

परवा फोनवर बुद्ध आणि मार्क्स जुळतात का, यावर तावातावाने बोलत होतास आणि माझी ऐरोलीची लोकल आली, बोलणं अर्धवट राहिलं म्हणून लिहितोय. तुमच्या ग्रुपमधली पोरं म्हणतात धर्म म्हणजे अफू, विषय संपला, आणि इकडे विहारातले काका मार्क्सचं नाव काढलं तरी तोंड वाकडं करतात. बाबासाहेब मात्र २० नोव्हेंबर १९५६ ला काठमांडूत, निधनाच्या १६ दिवस आधी, याच विषयावर बोलले. त्यांच्या 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या लेखात आहे बघ, मार्क्सचं बरंच काही जळून गेलं पण थोडा विस्तव शिल्लक आहे, आणि त्यात खाजगी मालमत्तेमुळे एका वर्गाला सत्ता आणि दुसऱ्याला दुःख हा मुद्दा येतोच. मग ते भिक्खूकडे वळतात. तीन चीवरं म्हणजे अंगावरची वस्त्रं, कंबरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, पाणी गाळायचं फडकं, बास, एवढंच स्वतःचं. तेव्हाच्या कम्युनिस्ट रशियात पण एवढं कडक नव्हतं, असं ते म्हणतात.

पण जुळलं म्हणून लगेच टाळ्या नको वाजवू. भांडण मार्गावर आहे. हिंसा आणि कामगारांची हुकूमशाही बाबासाहेबांना मान्य नव्हती, आणि मार्क्सवादी म्हणतात तसं सरकार विरून गेल्यावर माणसाला सरळ काय ठेवणार, हा त्यांचा प्रश्न तुमच्या ग्रुपमध्ये विचार जरा. मंगोलियात १९३७ नंतर कम्युनिस्ट सरकारने हजारो लामा म्हणजे बौद्ध भिक्खू मारले, मठ पाडले, तेही सांग.

आता काकांसाठी. रबाळे एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर बारा तास उभा असलेला पोरगा, ज्याला ओव्हरटाइम पण सिंगल रेटने मिळतो, त्याला 'तृष्णा सोड', म्हणजे हाव सोड, म्हणणं मला अजिबात पटत नाही, तृष्णा कॉन्ट्रॅक्टरची आहे आणि दुःख या पोराचं. बुद्धाच्या उपदेशातल्या कूटदंत सुत्तात राजाला काय सांगितलंय, चोरांना मारून, कोंडून चोऱ्या थांबणार नाहीत, शेतकऱ्याला बियाणं दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला पगार दे. हे काय फक्त डोळे मिटून बसणाऱ्याचं बोलणं आहे का?

शरद पाटलांचं पण वाच, धुळ्याचे, १९७८ ला सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला त्यांनी, मार्क्स-फुले-आंबेडकरवाद म्हणायचे आणि पुढे बौद्ध तर्कशास्त्रापर्यंत गेले. अवघड लिहितात, मी निम्म्यात सोडलं 😀

रविवारी ये आणि हे सगळं काकांसमोरच बोल, पण त्यांना अरे-तुरे नको. आणि बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा इंग्रजी तिसरा खंड तूच नेलायस, तो परत आण, माझ्या खुणा आहेत त्यात.

पप्पा