पडल्यावर पाच लाख, पडू नये म्हणून काहीच नाही : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा, म्हणून पाल्हाळ लावत नाही. मी 73 वर्षांची, राहणार शनिवार पेठ, पुणे. मला लघवी धरवत नाही. घाई झाली की बाथरूमच्या दारापर्यंत कोरडी पोचेन याची खात्री नसते. हे असं चारचौघांत लिहू नका, असं सूनबाई म्हणाली. पण परवा एका सरकारी खिडकीवर कारकुनाने अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं, "आजी, नक्की काय गळतंय?" त्यानंतर लाजायचं उरलंय काय?

तिथे गेले, कारण ज्येष्ठांच्या मेळाव्यात एका साहेबांनी शब्द दिला होता : लघवीची घाई कमी करणारं, घोट्याला बांधायचं विजेचं यंत्र वयोश्री योजनेत, म्हणजे ज्येष्ठांना साधनांसाठी पैसे देणाऱ्या राज्याच्या योजनेत, घेऊ. टाळ्याही आम्हीच वाजवल्या. खिडकीवर उत्तर मिळालं, यादीत नाही. यादी मला पाठ आहे : चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, कंबरेचा पट्टा. बसायला खुर्ची सरकार देणार, तिथवर पोचायचं आमचं आम्ही बघायचं.

यंत्रात जादू काही नाही. आतल्या घोट्यामागून टिबियल नावाची नस जाते. मणक्याच्या ज्या मुळांतून ती येते, त्यांतल्याच काहींचा मूत्राशयावर ताबा असतो. घोट्यावर सौम्य झिणझिण्या दिल्या की मूत्राशयाची अवेळी उबळ कमी होऊ शकते. सुई टोचून करायचं तर आठवड्याला अर्धा तास, असे बारा आठवडे दवाखाना. 2023 साली अमेरिकेत घोट्यावर घालून घरीच वापरायच्या यंत्राला परवानगी मिळाली. सगळ्यांना गुण येतो असं नाही. ब्रिटनच्या वृद्धाश्रमांत झालेल्या चाचणीत खऱ्या आणि खोट्या उपचारात फरक दिसला नव्हता. पेसमेकरवाल्यांना तर चालतच नाही. पण मी वृद्धाश्रमात नाही, मला पेसमेकर नाही, आणि गोळ्या घेऊन झाल्यात. ऑक्सिब्युटिनिनने तोंडाला कोरड, पोट साफ नाही, वर डोक्यात असा गोंधळ की नातवाला दिराच्या नावाने हाका मारू लागले.

रात्री धावताना पडले आणि मनगट मोडलं. सत्तरीनंतरचं ते पाच लाखांचं आयुष्मान कार्ड माझ्या पाकिटात आहे. ते दाखल झाल्यावर चालतं. मला प्लास्टर घालून घरी पाठवलं. चूक माझीच, खुबा मोडून घ्यायला हवा होता. मग ऑपरेशन, खाट, फोटो, सगळं झालं असतं.

आता डायपरचा हिशेब. दिवसाला तीन, एकाचे चाळीस रुपये धरा. दुकान बदललं तर आकडा थोडा इकडे तिकडे होईल, पण महिन्याला साडेतीन हजार कुठे गेले नाहीत. वयोश्रीचे तीन हजार मिळतात एकदाच, म्हणजे आयुष्यभरात पंचवीस दिवसांचे डायपर. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी 2018 मध्ये गेला, छान झालं, बायका भांडल्या म्हणून गेला. डायपरवर अजून पाच टक्के आहे. आम्ही भांडायला कुठे येणार? मोर्चात स्वच्छतागृह नसतं.

लक्ष्मी रोडवरही वेळेला सापडत नाही. सापडलं तर कुलूप, आणि किल्ली चहा प्यायला गेलेली. मी कीर्तनाला जायचं सोडलं, लग्नाला गेले तर पंगतीआधी निघते, माहेरी सोलापूरला जायचं असेल तर आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही. स्मार्ट सिटी म्हणे! उड्डाणपूल दिसतो, फीत कापता येते. म्हातारीचं कोरडं लुगडं कोणत्या फ्लेक्सवर लावणार? त्यापेक्षा 1 ऑक्टोबरला, ज्येष्ठ नागरिक दिनी, शाल-श्रीफळ स्वस्त. नारळ घरात तीन पडलेत, हवे असतील तर पाठवते.

जिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात हा उपचार सुरू करा, आधी तपासून, ज्यांना चालेल त्यांनाच. आणि यंत्र यादीत घाला. वयोश्री सामाजिक न्याय खात्याची, असं तुमचे लोक सांगतील. तिकडे विचारलं तर हा आरोग्याचा विषय, असं ऐकून आले आहे. दोन्ही मंत्री एकाच मंत्रिमंडळात बसता. एकमेकांना विचारा आणि काय ठरलं ते मला लेखी कळवा. मेळाव्याचं निमंत्रण नको.

आपली,
एक ज्येष्ठ नागरिक, शनिवार पेठ, पुणे